पाटी ब्रह्मकमळाची, फूल भलतेच!



आमच्या या परिवार पानाकडे नाना तऱ्हेच्या अडचणी येतात. मुलीच्या पुढच्या शिक्षणाची, मंगल परिणयाच्या खर्चाची, सासू-सुनेच्या कुरबुरीची. परंतु गेल्या मार्च महिन्यात नाशिकहून अकरावीत शिकणाऱ्या एका मुलीचा जो निरोप आला, तसा आजवर आला नव्हता. तिने लिहिले होते, "आमच्या आजोबांकडे ब्रह्मकमळाची कुंडी आहे. सहा वर्षांनी तिला फूल आले आहे. पण ते लाल आहे आणि दिवसाढवळ्या उमलले आहे. आजी म्हणते, बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात ब्रह्माचे फूल नको, कुंडी बाहेर काढा. शेजारच्या काकू नारळ आणि अगरबत्ती घेऊन आल्या आहेत. आजोबा गप्प आहेत. तुम्ही येऊन बघाल का?"

फूल थांबणार नाही, हे आम्ही जाणले. दुसऱ्याच दिवशी रविवार होता. वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेले आमचे एक स्नेही आहेत. त्यांना सोबत घेतले आणि सकाळच्या गाडीने नाशिक गाठले.

बेचाळीस डबे, बेचाळीस पाट्या

घर म्हणजे दोन खोल्या, पुढे पत्र्याची पडवी. त्या पडवीत आजोबांचा संसार मांडलेला. तेलाचे डबे, रंगाचे डबे, कान तुटलेली बादली, फुटका माठ. मोजले तर बेचाळीस भरले. प्रत्येकात निवडुंगाची एकेक जात. कुठे चेंडूसारखा गोल, कुठे काकडीसारखा उभा, कुठे शेपटासारखा लोंबणारा. आणि प्रत्येक डब्यात पत्र्याची एक पट्टी खोचलेली, तिच्यावर पांढरा रंग देऊन काळ्या अक्षरात नाव लिहिलेले.

आजोबांनी कारखान्यात छत्तीस वर्षे फिटरचे काम केले. मोजमाप घेतल्याशिवाय जॉब हातावेगळा केला नाही, असा त्यांचा लौकिक. निवृत्तीनंतर हा नाद लागला. पाणी कमी लागते, जागा कमी लागते आणि विकत काहीच घ्यावे लागत नाही. कुणाकडून एक तुकडा आणायचा, आपला एक द्यायचा. असा हा गरिबाला परवडणारा छंद.

ती कुंडी मधोमध होती. पाटीवर लिहिले होते, 'ब्रह्मकमळ'. आणि वर, चपट्या हिरव्या फांदीच्या कडेला, तळहाताएवढे लालभडक फूल.

आजी दारातच बसल्या होत्या. त्यांच्या वडिलांनी १९५६ साली नागपूरला जाऊन दीक्षा घेतलेली. त्या म्हणाल्या, "आमच्या बापाने घरातले देव पाण्यात सोडले. ब्रह्मा, विष्णू, महेश मानणार नाही ही पहिलीच प्रतिज्ञा. आणि आता म्हातारपणी आमच्या पडवीत लोक येऊन ब्रह्माला नारळ फोडणार? मला झाडाचा राग नाही. पण हे नाव माझ्या दारात नको."

शेजारच्या काकूंचेही ऐकून घेतले. त्यांचा मुलगा पोलीस भरतीची तयारी करतो. दोनदा थोडक्यात हुकला. कुणीतरी सांगितले, ब्रह्मकमळ फुलताना मागणे मागितले की पुरे होते. म्हणून त्यांनी दारावर आलेल्या एका फेरीवाल्याकडून ब्रह्मकमळाचे एक 'पान' पाचशे एक रुपयांना घेतले होते. ते कुजले. आता शेजारीच फूल उमलले म्हटल्यावर त्या धावत आल्या. घरकाम करणाऱ्या बाईचे पाचशे रुपये म्हणजे किती दिवसांचे कष्ट, हे आमच्या वाचकांना सांगायला नको.

आणि आजोबा? त्यांचे दुःख निराळेच होते. ते हळूच म्हणाले, "साहेब, याच झाडाचे तुकडे मी अकरा घरी दिलेत. ब्रह्मकमळ म्हणून दिलेत. पाटी चुकली असेल तर मी अकरा घरी खोटे बोललो."

आधी कुळ ओळखा

आमच्या स्नेह्यांना सगळेजण सर म्हणू लागले. सरांनी पाटीकडे पाहिलेच नाही. ते म्हणाले, "पाटी बाजूला काढून ठेवा. झाडाला विचारू."

पहिला प्रश्न, हे निवडुंगाच्या कुळातले आहे का? आपल्याकडे निवडुंग हा शब्द फार ढिलेपणाने वापरतात. शेताच्या कुंपणाला असतो तो त्रिधारी निवडुंग आणि तो शेर ही झाडे खऱ्या कॅक्टसच्या कुळातली नाहीतच. ती युफोर्बिया कुळातली. त्यांना पांढरा चीक येतो आणि तो डोळ्यात गेला तर डोळ्याला गंभीर इजा होते. घरात लहान मुले असतील त्यांनी हे लक्षात ठेवावे. फड्या निवडुंग मात्र खरा कॅक्टस. तो मूळचा अमेरिका खंडातला. एखादा अपवाद सोडला तर कॅक्टस कुळातली सारी झाडे तिकडचीच.

पण केवळ चिकावरून निकाल देऊ नये, कारण काही थोड्या कॅक्टसनाही पांढरा चीक असतो. खरी खूण निराळी आहे. सरांनी फांदीच्या कडेच्या खाचेत बोट ठेवले. तिथे बारीक, लोकरीसारखा ठिपका होता. याला एरिओल म्हणतात. काटा याच ठिपक्यातून येतो, नवी फांदी याच ठिपक्यातून फुटते आणि फूलही तिथूनच. असा ठिपका कॅक्टस कुळाखेरीज दुसऱ्या कुठल्याही कुळात नसतो. नातीने भिंग लावून पाहिले आणि ती आनंदाने ओरडली, "आजोबा, फूल ठिपक्यातूनच आलंय!"

दुसरा प्रश्न, ज्याला आपण पान म्हणतो ते पान आहे का? नाही. ते चपटे झालेले खोड आहे. मधली शीर चेपून बघा, लाकडासारखी टणक लागते. पानफुटीच्या पानाच्या कडेलाही रोपे फुटतात, पण ते खरोखरचे पान असते. इथे पाने उरलेलीच नाहीत, अन्न तयार करण्याचे काम खोडानेच पत्करले आहे. गंमत अशी की या जातीच्या झाडांना १८१२ साली हॉवर्थ नावाच्या इंग्रज अभ्यासकाने एपिफायलम हे नाव दिले. त्याचा अर्थ 'पानावरचे'. म्हणजे फूल पानावर येते असा समज त्या नावातच बसला. शास्त्राच्या पाटीतही अशी चूक राहून जाते!

मग फुलाचा जबाब घ्या

आता मुख्य प्रश्न. महाराष्ट्रात घरोघरी ज्याला ब्रह्मकमळ म्हणतात, तेच हे झाड आहे का? सरांनी नातीला वहीत दोन रकाने आखायला लावले. एका बाजूला लोकांचे ब्रह्मकमळ, दुसऱ्या बाजूला आजोबांच्या कुंडीतले झाड.

लोकांच्या ब्रह्मकमळाचे शास्त्रीय नाव एपिफायलम ऑक्सिपेटॅलम. मूळ गाव मेक्सिको आणि त्याच्या दक्षिणेकडील मध्य अमेरिका. फूल पांढरे शुभ्र. अंधार पडल्यावर उमलू लागते, मध्यरात्रीच्या सुमारास पूर्ण उमलते आणि उजाडेपर्यंत मान टाकते. वास दरवळणारा. फुलाचा देठासारखा दिसणारा भाग म्हणजे लांबलचक, वाकडी नळी. सारे फूल मोजले तर पाऊण ते एक फूट भरते. झाडाची मुख्य फांदी गोल, काठीसारखी, माणसाच्या उंचीहून वर जाणारी. आपल्याकडे बहर बहुधा पावसाळ्याच्या दिवसांत.

रात्री उमलणारे पांढरे, सुवासिक फूल आणि खोल नळी यांच्यामागे कारण आहे. रात्री फिरणाऱ्या, लांब सोंडेच्या पतंगांसाठी ती सोय आहे. अंधारात पांढरा रंग दिसतो, वास दुरून येतो. यात दैवी काही नाही. झाडाला परागकणांची ने-आण करून हवी असते, एवढेच.

आता आजोबांच्या झाडाचा जबाब. फूल लाल. सकाळी उमलले आणि तिसऱ्या दिवशीही टवटवीत. वास नाही. आजोबांनी स्वतःची जुनी स्टीलची पट्टी आणली. फुलाची रुंदी चौदा सेंटिमीटर, नळी अवघी सहा. झाडाला काठीसारखी उंच फांदी नाही, सगळ्या फांद्या बुडातून निघून कमानीसारख्या वाकलेल्या. शिवाय बुडातून फुटलेला नवा कोंब चपटा नव्हता. तो तीन धारांचा होता आणि त्याच्या ठिपक्यांवर बारीक केसाळ काटे होते.

रकाने समोरासमोर ठेवल्यावर कुणी काही सांगायची गरज उरली नाही. एकही गोष्ट जुळत नव्हती. आजोबांनी स्वतःच पाटी उपटली आणि उलटी करून मांडीवर ठेवली.

मग हे आहे तरी कोण?

नातीने आदल्या दिवशी फोनवर फोटो काढून नाव शोधले होते. फोनने दोन फोटोंना दोन नावे दिली. सर हसून म्हणाले, "फोन म्हणजेही सांगोवांगीच. तो फोटो बघतो, ठिपका चाचपत नाही, नळी मोजत नाही. त्याने दिलेले नाव ही सुरुवात समजावी, निकाल समजू नये."

मेक्सिकोत लाल फुलांची अशी एक जात आहे. हॉवर्थनेच १८२९ साली तिचे नाव एपिफायलम अॅकरमानी असे छापले. पुढे अभ्यासकांनी तिला त्या गटातून काढून दुसऱ्या गटात घातले आणि आज तिचे मान्य नाव डिसोकॅक्टस अॅकरमानी असे आहे. लाल फुलांचे असे झाड दिसले की लोक तिचेच नाव देतात. पण इथेही सावध राहावे लागते. बागांतून अॅकरमानी म्हणून जी झाडे फिरतात, त्यांतली पुष्कळशी मूळ रानटी जात नसून संकर असतात. एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या माळ्यांनी अशा जातींचा डिसोकॅक्टस स्पेसिओसस नावाच्या, काटेरी आणि धारदार खोडाच्या जातीशी संकर केला.

सरांनी फुलाची पाकळी उन्हात तिरपी धरली. लाल रंगाच्या आत निळसर-जांभळी झाक चमकली. ती झाक स्पेसिओससच्या घरची. तीन धारांचा कोंब आणि केसाळ काटेही त्याच घरचे. म्हणजे आजोबांचे झाड शुद्ध अॅकरमानी नव्हे, दोन घरांच्या मिलाफातून झालेला संकर.

"पण नेमके नाव काय?" नातीने विचारले. सर म्हणाले, "अशा संकरांना हजारो नावे दिलेली आहेत. कुणी, केव्हा, कुठे केला याची नोंद हातात असल्याशिवाय त्यांतले एक नाव निवडून ठोकून देणे म्हणजे पुन्हा तीच चूक. जेवढे कळले तेवढेच लिहावे."

हे वाक्य आम्ही वहीत टिपून घेतले.

खरे ब्रह्मकमळ हिमालयात

आता आजींचा प्रश्न उरला होता. लाल झाड सुटले, पण ते पांढरे तरी खरे ब्रह्मकमळ आहे का?

तेही नाही! ब्रह्मकमळ हे नाव हिमालयातल्या एका वेगळ्याच झाडाचे आहे. त्याचे शास्त्रीय नाव सॉसुरिया ओबव्हालाटा. ते कॅक्टस नव्हे, कमळही नव्हे. ते सूर्यफूल आणि शेवंतीच्या कुळातले. समुद्रसपाटीपासून सुमारे ३,००० ते ४,८०० मीटर उंचीवर, थंड डोंगरउतारावर ते उगवते. जुलै ते सप्टेंबर हा त्याचा काळ. कागदासारखी पातळ, फिकट पिवळी-हिरवी पाने वाटीसारखी मिटून आतल्या जांभळ्या फुलांच्या गुच्छाला थंडीवाऱ्यापासून जपतात. उत्तराखंडचे ते राज्यफूल आहे. नाशिकच्या पडवीत ते जगणार नाही.

म्हणजे एका हिमालयी फुलाचे नाव एका मेक्सिकन झाडाला लावले गेले आणि ते नाव फेरीवाल्याने पुन्हा तिसऱ्याच्या गळ्यात बांधले. नावामागून पूजा आली, पूजेमागून नारळ आला, नारळामागून पाचशे एक रुपये गेले.

नावाला बाजारात आणि राजकारणातही किंमत असते. आता बाजारात मिळणारे ड्रॅगन फ्रूट आपण खातो. सांगली-सोलापूरकडचे शेतकरी त्याची लागवड करतात. तोही कॅक्टसच, त्याचेही फूल मोठे, पांढरे आणि रात्री उमलणारे. जानेवारी २०२१ मध्ये गुजरात सरकारने त्याचे नाव 'कमलम' ठेवल्याचे जाहीर केले. फळाची चव त्यामुळे बदलली नाही, ते कमळही झाले नाही.

आपल्याही घरात डोकावू

इथवर ऐकून आजी खूश झाल्या. म्हणाल्या, "म्हणजे ब्राह्मणी नाव चिकटवलेले!" परंतु सरांनी त्यांना थांबवले आणि आम्हालाही ते योग्य वाटले. कारण हीच चूक बौद्ध देशांतही झालेली आहे.

श्रीलंकेत याच पांढऱ्या फुलाला कडुपुल म्हणतात. ते उमलते तेव्हा नागलोकातून ते तथागतांना वाहिले जाते, अशी तिथली लोककथा. कथा गोड आहे. पण तथागत होऊन अडीच हजार वर्षे झाली आणि युरोपीय माणसे अमेरिकेत पोचली ती १४९२ नंतर. त्याआधी हे झाड आशियात येणार कुठून?

चीनमध्ये याच फुलाला तान-हुआ म्हणतात. हे नाव आले आपल्या 'उदुंबर' शब्दावरून. बौद्ध ग्रंथांत उदुंबराचे फूल म्हणजे फार दुर्मिळ गोष्ट. ग्रंथ चीनमध्ये गेले, शब्द गेला, झाड मात्र गेले नाही. मग क्षणभर फुलणाऱ्या या मेक्सिकन फुलाला तो शब्द लाभला. खरा उदुंबर म्हणजे आपला उंबर! सुत्तनिपातातल्या उरगसुत्तात उंबराच्या झाडावर फूल शोधणाऱ्याची उपमा आहे. आपल्या बोलण्यातही कधीतरीच दिसणाऱ्या माणसाला आपण उंबराचे फूल म्हणतो. पण उंबराला फुले नसतात असे नाही. आपण ज्याला उंबराचे फळ म्हणतो, त्याच्या पोटातच शेकडो बारीक फुले असतात आणि चिमुकली माशी आत शिरून त्यांचे काम करते. फोडून पाहणाऱ्याला फूल दिसते, न पाहणाऱ्याला दुर्मिळ वाटते.

तेव्हा श्रद्धा आपली असली म्हणून पाटी खरी ठरत नाही. केसपुत्त गावच्या कालामांना तथागतांनी हेच सांगितले. ऐकीव आहे म्हणून, परंपरेने आले म्हणून, ग्रंथात आहे म्हणून, सांगणारा मोठा आहे म्हणून मानू नका. स्वतः पारखून घ्या. हा नियम दुसऱ्याच्या देवघरासाठी एक आणि आपल्या विहारासाठी दुसरा, असा असू शकत नाही.

लेण्यांची पाटी

दुपारी जेवताना नातीने एक प्रश्न विचारला आणि आम्ही सारे घास हातात धरून थांबलो. "मग आमच्या डोंगरावरच्या लेण्यांना पांडवलेणी का म्हणतात?"

नाशिकच्या त्या लेण्यांत चैत्यगृह आहे, भिक्खूंचे विहार आहेत, बुद्धमूर्ती आहेत. ती सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीपासून खोदली गेली. सातवाहनांचे आणि क्षत्रपांचे शिलालेख तिथे कोरलेले आहेत. त्या डोंगराचे नावही दगडातच कोरलेले आहे, 'तिरण्हु', म्हणजेच त्रिरश्मी. पण मधली कित्येक शतके ती अक्षरे वाचता येणारा कुणी उरला नव्हता. अक्षर मुके झाले आणि पाटी लिहिणाऱ्याने पांडवांचे नाव लिहून टाकले. १८३७ साली जेम्स प्रिन्सेप यांनी ब्राह्मी लिपी उलगडली आणि पुढे अभ्यासकांनी एकेक लेण्यातला लेख वाचला, तेव्हा दगड पुन्हा बोलू लागला. लोकांच्या तोंडी मात्र अजून जुनीच पाटी आहे.

लेणी ओळखायची तर शिलालेख वाचावा लागतो आणि झाड ओळखायचे तर ठिपका, नळी आणि उमलण्याची वेळ. दोन्हीकडे रीत एकच.

चुकीच्या पाटीचा जाच काय असतो, हे आपल्या समाजाइतके कुणाला ठाऊक असणार? माणूस न पाहता, त्याचे गुण न पारखता, जन्माबरोबर पाटी लावली जाई आणि ती पाटी वाचूनच विहिरीचे पाणी बंद होई. याच नाशिक जिल्ह्यात, येवल्याला, १९३५ साली बाबासाहेबांनी ती पाटी उतरवण्याची घोषणा केली आणि १९५६ साली ती उतरवली. म्हणून पाटी लिहिताना आपला हात इतरांपेक्षा जास्त जपून चालला पाहिजे, मग ती माणसाची असो, लेण्याची असो की तेलाच्या डब्यातल्या झाडाची.

नवी पाटी

चहा झाल्यावर आजोबांनी पत्र्याची नवी पट्टी कापली, कडा कानशीने घासल्या, पांढरा रंग दिला. वाळल्यावर लिहिले: 'कॅक्टस. डिसोकॅक्टस संकर. लाल, दिवसा फुलणारा. जातीचे नाव नक्की नाही.' खाली फूल प्रथम दिसल्याची तारीख. ती पाटी आजींनी मोठ्याने वाचायला लावली. ऐकून म्हणाल्या, "नक्की नाही असं लिहिलंत, ते बरं केलंत. राहू द्या झाड."

शेजारच्या काकूंना सांगणे सर्वांत अवघड होते. त्या नारळ घेऊन उंबऱ्याशी उभ्याच होत्या. आजींनी त्यांना आत बोलावले, पाट दिला. म्हणाल्या, "बाई, फूल बघायला रोज ये. पण मागायचं असेल तर या झाडापाशी काही नाही. ते परदेशातून आलंय, त्याला आपली भाषा कळत नाही. तुझ्या पोराला सकाळी धावायला उठव, पेपर सोडवायला आमच्या नातीकडे बसव. आणि नारळ आणलाच आहेस तर फोड, चटणी करू." काकू आधी गोऱ्यामोऱ्या झाल्या, मग हसल्या. चटणी झाली. त्या मुलाने नंतर नातीकडून गणिताची दोन पुस्तके नेल्याचेही आम्हाला कळले.

आजोबांनी मात्र आणखी अकरा पट्ट्या कापायला घेतल्या. "एवढ्या कशाला?" आम्ही विचारले. ते म्हणाले, "तुकड्यापासून केलेले झाड म्हणजे तेच झाड. मी अकरा ठिकाणी दिले, त्यांनी पुढे दिले असेल. चूक माझ्या हातून गेली, मीच जाऊन सांगतो." सत्तरी ओलांडलेला माणूस आठवडाभर सायकलवरून घरोघर फिरला. एका घरी झाड देव्हाऱ्याजवळ ठेवले होते, तिथे त्यांना बोलणी खावी लागली. त्यांनी पाटी दिली, समजावले आणि निघाले. दोन घरी झाड मेले होते. बाकीच्यांनी पाटी बदलली.

फूल चौथ्या दिवशी संध्याकाळी मिटले.

ज्यांच्या घरी अशी कुंडी आहे त्यांच्यासाठी

फूल आले की पाच गोष्टी वहीत लिहा: रंग, उमलण्याची वेळ, किती तास किंवा दिवस टिकले, वास आहे का, आणि नळीची लांबी. फोटो एक समोरून आणि एक बाजूने घ्या. बाजूच्या फोटोतच नळी दिसते. बुडाचा नवा कोंबही बघून ठेवा. झाडाची ओळख तो सांगतो.

तुकडा लावायचा असेल तर कापलेली बाजू सावलीत आठवडाभर सुकू द्या, मगच मातीत खोचा. ओल्या कापाने तुकडा कुजतो. काकूंचे पाचशे रुपये तसेच गेले असावेत. लावताना उलटे-सुलटे बघा, जी बाजू खाली होती तीच खाली. माती भुसभुशीत हवी, पालापाचोळ्याचे खत घातलेली आणि पाणी निचरा होणारी. ही झाडे मूळची जंगलात दुसऱ्या झाडांच्या अंगाखांद्यावर वाढणारी, म्हणून दुपारचे कडक ऊन टाळा. थंडीत पाणी कमी करा. कळ्या धरल्यावर कुंडीची जागा बदलू नका, कळ्या गळतात.

पाटी पेनाने लिहू नका, उन्हाने शाई उडते. शिसपेन्सिल टिकते. पाटीवर नावाबरोबर तुकडा कुणाकडून, कधी आणला तेही लिहा. आणि नाव ठाऊक नसेल तर 'ठाऊक नाही' असे लिहा. त्यात कमीपणा नाही.

ब्रह्मकमळ म्हणून कुणी पैसे मागितले तर देऊ नका. पांढऱ्या फुलाचे झाड हवे असेल तर ओळखीपाळखीत एक तुकडा फुकट मिळेल. पावसाळ्यात कळी धरली की शेजारपाजारच्या मुलांना रात्री बोलवा, टॉर्च द्या, पाकळ्या कशा उघडतात ते बघू द्या. त्या रात्री कुणी नारळ आणलाच, तर चटणीची कृती आता तुम्हाला ठाऊक आहेच.

जयभीम.